ट्रेविडलची चांदी नेमकी कुठली?

1774 च्या नोव्हेंबरमध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टल गावाजवळ काही मजूर ओढ्याच्या गाळातून कथील काढत होते. दरीच्या तळाशी साचलेली वाळू आणि गोटे उपसायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, जड म्हणून खाली बसलेले खनिज वेचायचे, असा तो कष्टाचा उद्योग. ट्रेविडल नावाच्या वस्तीजवळ, सुमारे 17 फूट खोलीवर, जुन्या खोदकामातल्या दगडांच्या ढिगाखाली त्यांना चांदी लागली. एक चषक, शिंगाच्या पेल्याला बसवायचे नक्षीदार बंद, कमरेच्या पट्ट्यांची धातूची टोके, एक लांब टाचणी, तोंड उघडे असलेल्या कड्याच्या आकाराचा एक ब्रोच (कपड्याला टाचायचा दागिना), चांदीच्या तारेचा गुंफलेला एक आसूड आणि शंभरावर नाणी.

अशा सापडण्याचे पुढे जे होते तेच झाले. वस्तू हातोहात गेल्या, नाणी पांगली, सोन्याचा एक गोल दागिना तर कायमचा हरवला. तो होता हे आपल्याला कळते ते फिलिप रॅशली यांच्यामुळे. खनिजांचा नामांकित संग्रह असलेल्या या कॉर्नवॉलच्या जमीनदाराने जे हाती आले त्याची चित्रे काढवून घेतली आणि लंडनच्या पुराणवस्तू अभ्यासकांच्या नियतकालिकात छापली. उरलेली चांदी पुढे जॉन जोप रॉजर्स यांच्याकडे आली आणि 1880 मध्ये त्यांनी ती ब्रिटिश म्युझियमला दिली.

इथून या प्रकरणाला सुरुवात होते. नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चांदीकामाच्या सर्वांत ठळक शैलीला अभ्यासकांनी नाव दिले ते या वस्तीचे : ट्रेविडल शैली. नॉरफकच्या दफनभूमीत सापडलेला ब्रोच असो, यॉर्कशरच्या ओढ्यातली तलवार असो किंवा स्कॉटलंडच्या शेतातला निधी, म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा, असो, कोरीव चांदीवर अंग मुरडलेले छोटे प्राणी दिसले की लेबलावर ट्रेविडल लिहिले जाते. पण ट्रेविडल आहे कॉर्नवॉलमध्ये, आणि नवव्या शतकातले कॉर्नवॉल अँग्लो-सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांचे, नव्हते. तिथे ब्रिटन लोक राहत, त्यांची भाषा वेल्शच्या कुळातली होती आणि त्यांचे स्वतःचे राजे होते. मग ही चांदी घडली कुठे? ती पाहून तिचा प्रदेश सांगता येतो का? एकाच निधीवर हे दोन प्रश्न घासून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाण्यांनी काय सांगितले

निधी पुरला कधी, याचे उत्तर नाण्यांनी दिले : 868 च्या सुमारास. त्यांत मर्सियाची, म्हणजे मध्य इंग्लंडच्या राज्याची नाणी सर्वांत जास्त आहेत, विशेषतः बर्गरेड राजाची. वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्याच्या राजांची आहेत, कँटरबरीचा आर्चबिशप चेओलनोथ याची आहेत. शिवाय एनरेड असे नाव असलेले चांदीचे एक नाणे आहे, आणि ते अभ्यासकांना अजून छळते. कारण एनरेड हा उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाचा राजा, आणि तिथल्या नाण्यांतली चांदी त्याच सुमारास घटत घटत जवळजवळ संपली होती. तिथले व्यवहार तांब्यासारख्या दिसणाऱ्या लहान नाण्यांवर चालत. अशा राज्यातल्या राजाच्या नावाची, दक्षिणेच्या धाटणीची चांदीची पेनी कॉर्नवॉलच्या गाळात काय करत होती?

काळ धामधुमीचा होता. 865 मध्ये डेन लोकांची, म्हणजे व्हायकिंगांची, मोठी फौज इंग्लंडमध्ये उतरली आणि मग परत गेलीच नाही. 868 मध्ये ती मर्सियातल्या नॉटिंगहॅममध्ये ठाण मांडून होती, 874 मध्ये तिने बर्गरेडला देशाबाहेर घालवले आणि तो रोमला जाऊन राहिला. त्या दहा वर्षांत इंग्लंडभर चांदी जमिनीखाली गेली. कॉर्नवॉल या वणव्यापासून दूर होते खरे, पण समुद्र जवळच होता. 838 मध्ये कॉर्नवॉलचे लोक आणि डेन यांनी मिळून वेसेक्सशी लढाई केली होती आणि हिंग्स्टन डाऊन इथे एगबर्ट राजाने दोघांना हरवले होते. त्यानंतर हा प्रदेश वेसेक्सच्या छायेत आला, तरी डुंगार्थ नावाचा त्यांचा राजा 875 मध्ये बुडून मेल्याची नोंद वेल्श इतिहासकारांनी केली आहे. म्हणजे निधी पुरला तेव्हा कॉर्नवॉलला अजून आपला राजा होता.

मला या सगळ्यात केन्स्टेक नावाचा माणूस महत्त्वाचा वाटतो. हा कॉर्नवॉलच्या लोकांचा बिशप. त्याने कँटरबरीच्या आर्चबिशप चेओलनोथपुढे लेखी निष्ठा व्यक्त केली. चेओलनोथ 870 मध्ये वारला, तेव्हा हे त्याआधीच घडले. कॉर्नवॉलचे चर्च इंग्लंडच्या चर्चशी जोडले जात असतानाच चषक आणि आसूड असलेला एक निधी कॉर्नवॉलमध्ये पुरला गेला आणि त्यात त्याच आर्चबिशपची नाणी होती. यावरून केन्स्टेकचा या चांदीशी थेट संबंध जोडणे चूक ठरेल. पण इंग्लंडमधली उंची चांदी कॉर्नवॉलला पोहोचायला लूट किंवा व्यापार हेच दोन मार्ग होते, असे मानायचे कारण उरत नाही. धर्माची ये-जा हाही एक रस्ता होता.

हात कसा ओळखायचा

या शैलीतला प्राणी एकदा नीट पाहिला की विसरत नाही. कारागीर आधी पृष्ठभागाचे छोटे छोटे कप्पे पाडतो, त्रिकोणी किंवा चौकोनी, आणि प्रत्येकाला रवेदार किनार देतो. मग त्या कप्प्यात एक प्राणी बसवतो. कप्पा लहान, म्हणून प्राणी वळतो. मान मागे, पाय पोटाखाली, शेपटीचा पानासारखा फाटा, कधी स्वतःच्याच अंगाला चावणारे तोंड. अंगावर छिन्नीने मारलेल्या बारीक खाचा, त्यामुळे बाह्यरेषा थरथरल्यासारखी वाटते. प्राणी चांदीचा चकाकता राहतो आणि त्याच्या मागची कोरून काढलेली जागा काळी होते.

तो काळा रंग म्हणजे निएलो, चांदी आणि गंधक यांचे संयुग. आपल्याकडच्या वाचकाला काळे-रुपेरी म्हटले की बिदरी आठवते, पण दोन्हींत उलटा व्यवहार आहे. बिदरीत भांडे जस्ताच्या मिश्रधातूचे, तेच काळे करतात आणि त्यात चांदी ठोकून बसवतात. निएलोत चांदीच मूळ आणि काळे द्रव्य तिच्या खाचांत भरलेले. जुना निएलो निव्वळ चांदी आणि गंधकाचा असे. तो वितळवून ओतता येत नाही, तापवताना विघटन पावतो, म्हणून मऊ होईपर्यंत तापवून खाचांत दाबून भरावा लागे. पुढच्या शतकांत त्यात तांबे आणि शिसे मिसळू लागले, मग तो ओतता येऊ लागला.

या फरकाने एका ब्रोचचे नशीब फिरले. ब्रिटिश म्युझियममधला फुलर ब्रोच 11 सेंटिमीटरहून मोठा आहे, मधोमध डोळे विस्फारलेली दृष्टी आणि तिच्याभोवती चव, वास, स्पर्श, श्रवण अशा चार आकृत्या. पंचेंद्रियांचे इतके जुने चित्र दुसरे माहीत नाही. तो इतका अखंड होता की जाणकारांनी त्याला बनावट ठरवले. कॅप्टन फुलर यांनी तो मातीमोल भावाने घेतला. नंतर निएलो तपासला तेव्हा तो जुन्या पद्धतीचा, फक्त चांदी-गंधकाचा निघाला, आणि 1952 मध्ये फुलर यांनी ब्रोच म्युझियमला दिला, आपले नाव त्याला राहील या अटीवर. हा ब्रोच नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, हे आज सर्वमान्य आहे. पण तो कुठे सापडला, याची नोंदच नाही. म्हणजे फुलर ब्रोचला ना जन्मगाव ना सापडण्याचे गाव. ट्रेविडलच्या चांदीला निदान दुसरे तरी आहे.

मग हात ओळखायचा कशावरून? पहिला सुगावा धातूचा घ्यावा, तर धातू गप्प बसतो. इंग्लंडमधली चांदी इंग्लंडची नव्हती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातव्या-आठव्या शतकातल्या नाण्यांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे धातूचे मूळ सुचवणाऱ्या अणूंच्या प्रकारांवरून, दिसले की 660 ते 750 या काळातली चांदी बायझंटाइन साम्राज्यातून आलेल्या जुन्या चांदीतून वितळवलेली होती, आणि त्यानंतर फ्रान्समधल्या मेल इथल्या खाणींची चांदी येऊ लागली. एकाच मुशीत आधीचा चषक, मोडका ब्रोच आणि परदेशी नाणी पडली की त्या चांदीला कुठली म्हणायचे? 860 च्या दशकात तर मर्सिया आणि वेसेक्सच्या पेन्यांत चांदी इतकी कमी उरली होती की निव्वळ चांदी जवळ असणे हीच मोठी गोष्ट होती.

दुसरा सुगावा नक्षीचा, आणि तो जास्त बोलका आहे. कप्प्यातला हा मुरडलेला प्राणी धातूवर येतो त्याच सुमारास दक्षिणेकडच्या हस्तलिखितांतही फिरतो. कँटरबरीत तयार झालेल्या एका मोठ्या बायबलच्या पानांवर, आणि मर्सियाशी जोडल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या पोथीत, अक्षरांच्या पोकळीत असेच प्राणी बसले आहेत. पोथीचे गाव बऱ्याचदा ठरवता येते, कारण अक्षराची वळणे, प्रार्थनांतले संत आणि मठांच्या नोंदी तिच्या बाजूने साक्ष देतात. म्हणून या शैलीचा उगम हंबर नदीच्या दक्षिणेला, कँटरबरी आणि मर्सियाच्या पट्ट्यात शोधणे सयुक्तिक आहे. मला हा युक्तिवाद पटतो. पण उगम आणि कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शैली एका ठिकाणी जन्मते आणि पन्नास ठिकाणी घडते.

कारखान्याचा खरा पुरावा म्हणजे अर्धवट राहिलेली वस्तू. तयार वस्तू कुठेही जाऊ शकते, अर्धी वस्तू सहसा कारागिराजवळच असते. विल्टशरमधल्या सेव्हिंग्टन इथे 1834 मध्ये असा निधी सापडला. नवव्या शतकाच्या मध्यातल्या नाण्यांबरोबर पट्ट्यांची पुरी झालेली टोके होती आणि अजून कोरायची राहिलेलीही. एखाद्या सोनाराने आपला माल पुरून ठेवला असावा, असेच ते पाहून वाटते. वेसेक्सच्या मध्यभागी या धाटणीचे काम होत होते, हे त्यावरून जवळजवळ नक्की होते. ट्रेविडलमध्ये असे एकही अर्धवट काम नाही. तिथला प्रत्येक तुकडा पुरा झालेला, वापरलेला आहे.

कबरी होत्या तेव्हा

एक प्रश्न सहज येतो : याआधीच्या शतकांत अँग्लो-सॅक्सन चांदीचे प्रदेश अभ्यासक बऱ्याच खात्रीने सांगतात, मग नवव्या शतकात गोंधळ का? पाचव्या शतकात केंट आणि टेम्सच्या दक्षिणेकडच्या भागात एक वेगळीच चांदी दिसते. केंटमधल्या सार इथल्या कबरीतला कड्यासारखा ब्रोच हा तिचा सर्वांत सुंदर नमुना. चांदीच्या पट्टीवर ठशांनी उठवलेले प्राणी, काही भागांवर सोन्याचा मुलामा, वर छोटी कबुतरे. ही शैली आग्नेयेकडची आहे, असे म्हणताना कोणी फार अडखळत नाही.

कारण साधे आहे. तेव्हा माणसाला त्याच्या दागिन्यांसह पुरत. बाई जिथे जगली तिथेच बहुधा पुरली जाई, आणि तिचा ब्रोच तिच्या खांद्यावरच राही. अशा शेकडो कबरींतून नकाशा आपोआप उमटतो. सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ख्रिस्ती धर्म रुजत गेला तशी ही चाल बंद पडली. तिथून पुढे उंची चांदी आपल्याला मिळते ती मुख्यतः तीन ठिकाणी : कोणी घाईने पुरलेल्या निधीत, नदीत, आणि चर्चच्या जागेत. आठव्या शतकातल्या, साखळीने जोडलेल्या तीन सोनेरी मुलाम्याच्या टाचण्या 1826 मध्ये लिंकनशरच्या विदम नदीतून वर आल्या. त्यांना मर्सियाच्या म्हणतात, नक्षी पाहता पटतेही, पण नदीने त्या कोणाच्या खांद्यावरून घेतल्या, हे नदी सांगत नाही. नवव्या शतकातल्या चांदीचा प्रदेश धूसर झाला तो कारागिरांमुळे नव्हे, पुरण्याची रीत बदलल्यामुळे.

राणीची अंगठी आणि शेतकऱ्याचा पट्टा

ट्रेविडलच्या प्रश्नाला मला सर्वांत जास्त मदत झाली ती एका सोन्याच्या अंगठीची. विषय चांदीचा असला तरी ती वगळता येत नाही. 1870 मध्ये यॉर्कशरमधल्या ॲबरफर्डजवळ नांगरणीत ती वर आली. नांगरणाऱ्याने ती आपल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवली होती, असे सांगतात. आत राणी एथेलस्विथ हिचे नाव कोरलेले होते. ही वेसेक्सच्या एथेलवुल्फ राजाची मुलगी, पुढे ज्याला आल्फ्रेड द ग्रेट म्हटले गेले त्याची बहीण, आणि मर्सियाच्या बर्गरेडची राणी. वेसेक्सची मुलगी, मर्सियाची सून, आणि अंगठी सापडली नॉर्थम्ब्रियात. अंगठीवरचा निएलोतला प्राणी ट्रेविडलच्याच कुळातला आहे. तिच्या वडिलांच्या नावाची अंगठी विल्टशरमध्ये सापडली, तीही याच शैलीतली. राजघराण्यांतले विवाह, देणग्या, दूत, खंडणी, यांतून अशा वस्तू राज्यांच्या सीमा ओलांडत. बर्गरेडची नाणी कॉर्नवॉलला पोहोचली आणि त्याच्या बायकोची अंगठी यॉर्कशरला.

चांदीचा नकाशा याहून वेगळा नाही. स्टॅफर्डशरमध्ये बीस्टन टॉरच्या गुहेत 1924 मध्ये दोन ब्रोच मिळाले, नाण्यांवरून 875 च्या सुमाराचे, म्हणजे मर्सियाच्या हद्दीत. नॉरफकमधल्या पेंटनीच्या चर्चच्या आवारात कबर खणणाऱ्याला सहा ब्रोच लागले, जाळीकामाचे, पाच पूर्ण चांदीचे आणि एक चांदी व तांब्याच्या मिश्रधातूचा, म्हणजे पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लिया राज्यात. उत्तर यॉर्कशरमध्ये गिलिंगच्या ओढ्यात 1976 मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला तलवार सापडली, मुठीला चांदीचे नक्षीदार बंद. 2014 मध्ये स्कॉटलंडच्या गॅलोवेत मिळालेल्या निधीत अँग्लो-सॅक्सन ब्रोचांचा एक मोठा संच निघाला. सोबत होता छातीवर घालायचा चांदीचा एक क्रूस. त्याच्या चार भुजांवर चार शुभवर्तमानकारांच्या खुणा : माणूस, सिंह, बैल, गरुड. काळा निएलो आणि सोन्याचा वर्ख, आणि चांदीच्या तारेची साखळी क्रूसाभोवती घट्ट गुंडाळलेली, जणू कोणी नुकतीच गळ्यातून काढून ठेवली. तो निधी 900 च्या सुमारास पुरला गेला. ती साखळी साफ करण्याआधीचे छायाचित्र पाहिले तेव्हा माझा हा विषय नुसता अभ्यासाचा राहिला नाही.

या सगळ्या वस्तू शेजारी ठेवून वेसेक्सचा हात, मर्सियाचा हात, ईस्ट अँग्लियाचा हात असे वेगळे करायला बसले तर हाती फार लागत नाही. प्राणी एकाच कुळातले, काळी पार्श्वभूमी तीच, रवेदार किनार तीच. दर्जात फरक आहे, प्रदेशात तसा दिसत नाही. याच शैलीतल्या स्ट्रिकलंड ब्रोचवर सोन्याचे तुकडे बसवले आहेत आणि प्राण्यांना निळ्या काचेचे डोळे आहेत. ते धनिकाच्या ऐपतीबद्दल सांगते, गावाबद्दल नाही.

पण नजर खाली आणली, राजाच्या टेबलावरून शेतकऱ्याच्या कमरेवर, की चित्र पालटते. पट्ट्याची टोके हा नवव्या शतकातला सर्वांत सार्वत्रिक दागिना. चामड्याचा किंवा विणलेला पट्टा टोकाला उसवू नये म्हणून त्यावर धातूची जीभ बसवत. वरच्या फटीत पट्टा घालून दोन खिळे मारायचे, खालच्या टोकाला प्राण्याचे तोंड. चांदीची कमी, तांब्याच्या मिश्रधातूची ढीगभर. 1997 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सामान्य लोकांना मेटल डिटेक्टरने सापडलेल्या वस्तूंची रीतसर नोंद ठेवण्याची योजना सुरू झाली आणि अशी टोके मोठ्या संख्येने नकाशावर आली. पुरातत्त्वज्ञ गॅबर थॉमस यांनी त्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा त्यांतला एक गट नॉरफक आणि सफकमध्ये दाटीने एकवटलेला निघाला. त्यात प्राणी कोरलेला नाही. तांब्याच्या मिश्रधातूच्या टोकावर निएलोत चांदीची बारीक तार वेटोळ्यांनी बसवलेली. थोडक्या चांदीत झगमगाट साधायची ही युक्ती ईस्ट अँग्लियातल्या एखाद्या कारखान्याने किंवा एकाच परंपरेतल्या काही हातांनी काढली, आणि ती त्या भागात राहिली.

इथे सावधही राहायला हवे. डिटेक्टर घेऊन लोक फिरतात ते नांगरलेल्या शेतांतून, आणि नॉरफक, लिंकनशर, यॉर्कशर ही शेतीची मोठी मैदाने आहेत. कॉर्नवॉलच्या कुरणांत आणि माळांवर तेवढा शोध होतच नाही. तेव्हा नकाशावरची दाटी काही अंशी आजच्या नांगराची असते. तरीही चांदीच्या तारेच्या टोकांचा गट लिंकनशरच्या नांगरलेल्या शेतांतही तितकाच दिसायला हवा होता. तो तसा दिसत नाही. म्हणून तो खरा मानावा.

माझा निष्कर्ष असा : अँग्लो-सॅक्सन चांदीकामात प्रदेश दिसतो, पण तो स्वस्त वस्तूंत दिसतो. भारी चांदी फिरती होती. ती हुंड्यात, देणगीत, खंडणीत, देवाच्या सेवेत आणि लुटीत राज्ये ओलांडत राहिली, आणि जो कारागीर ती घडवी तोही एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाऊ शके. बाजारात स्वस्तात विकले जाणारे पट्ट्याचे टोक मात्र फार दूर जात नसे. उत्तम कलाकृती निवडून त्यांवरून प्रांतांच्या शैली मांडायची संग्रहालयांची सवय इथे नेमकी उलटी पडते.

परत गाळापाशी

आता ट्रेविडलचा निधी पुन्हा समोर घ्यावा आणि त्याला एकच माल न मानता एकेक तुकडा पाहावा. शिंगाच्या पेल्याचे बंद आणि पट्ट्यांची टोके दक्षिण इंग्लंडच्या चांगल्या कारखान्यातली, यात मला शंका वाटत नाही. मर्सिया की वेसेक्स, हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही. मर्सियाची नाणी जास्त आहेत म्हणून चांदीही मर्सियाची, असे जे कधी कधी मांडले जाते, ते मला कमकुवत वाटते, कारण त्या दशकात दोन्ही राज्यांनी एकाच धाटणीची नाणी पाडली आणि ती दोन्हीकडे चालत. तोंड उघडे असलेल्या कड्याचा ब्रोच या सगळ्यांत परका आहे. नवव्या शतकात असे ब्रोच पश्चिमेकडच्या ब्रिटन लोकांत, आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये वापरले जात. निधीतली एखादी वस्तू कॉर्नवॉलची किंवा तिच्या शेजारची असेल तर ती बहुधा हीच, आणि गंमत म्हणजे ट्रेविडल शैलीच्या चर्चेत तिलाच सर्वांत कमी जागा मिळते. चषक जवळजवळ साधा आहे, रवेदार किनारीपलीकडे फारशी नक्षी नाही. अँग्लो-सॅक्सन चर्चमधले चांदीचे चषक इतके थोडे उरले आहेत की त्याला शेजारी ठेवायला दुसरा चषक मिळणे कठीण. देवळातली चांदी आधी लुटली जाते किंवा आधी वितळवली जाते.

निधी कोणाचा, यावर माझे मत चर्चच्या बाजूला झुकते. चषक आणि आसूड एकत्र असणे योगायोग वाटत नाही. शिंगाचा पेला आणि पट्ट्यांची टोके त्याच्या आड येत नाहीत, कारण धनिकांनी मठांना दिलेल्या देणग्यांत घरची चांदीही असे. कोणीतरी ती सगळी एकत्र बांधली, कथील काढून सोडून दिलेल्या खड्ड्यात ठेवली, वर दगड रचले. जागा चांगली निवडली होती, 900 वर्षे ती कोणाला सापडली नाही. पुरणारा परत आला नाही.

उरतो आसूड. तसा दुसरा कुठे मिळालेला नाही. चांदीच्या बारीक तारेचे फास एकमेकांत ओवत विणलेली लवचीक दोरी, वर काचेचा मणी, खाली गाठी मारलेल्या शेपट्या. हा प्रायश्चित्ताचा आसूड असावा, असे मानतात. या विणीला युरोपातले पुरातत्त्वज्ञ ट्रिचिनोपोली म्हणतात. हे नाव तिरुचिरापल्लीचे. तिथल्या सोनारांनी सोन्या-चांदीच्या तारेच्या ज्या साखळ्या केल्या त्या एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांत फार लोकप्रिय होत्या, आणि जुन्या निधींत तशीच वीण दिसली तेव्हा त्यांनी ओळखीचे नाव तिला लावून टाकले. नवव्या शतकातल्या त्या तारेचा कावेरीकाठाशी काही संबंध नाही. कॉर्नवॉलच्या त्या खड्ड्यातून निघालेल्या प्राण्यांना एका गावाचे नाव मिळाले आणि तारेला दुसऱ्या गावाचे. दोन्ही गावांत त्यांतले काहीच घडले नव्हते. ज्या हाताने ती तार ओढली आणि फासात फास ओवला, तो हात कुठल्या गावी बसला होता, हे त्या आसूडावर कुठेच कोरलेले नाही.